सतरा नंबरची तक्रार

१६ जून

गिरीधर सव्वासहाला गुम्मिडिपूंडीच्या कंपनी बसने गेला की घरात अम्मा आणि मी. अम्मा म्हणजे माझ्या सासूबाई, कामाक्षी. तंजावरकडचं हे घर कितीतरी पिढ्या मराठी बोलतं, आणि मी मिरजेची असूनही त्यांच्याशी बोलताना मध्येच ठेचकाळते. त्या म्हणतात, "तुझी मराठी पुस्तकातली, मा." मी मनात म्हणते, तुमची म्युझियममधली. पण बाहेर सगळीकडे तमिळ, शाळेत इंग्रजी, त्यामुळे माझी मराठी गंजायला लागली आहे. म्हणून ही वही.

आज शाळेत चाळीस टॅब्लेट आले. आठवी-बच्या मुलांनी ते घेऊन आपापल्या गल्लीत फिरायचं. खड्डा, बंद दिवा, तुंबलेलं गटार दिसलं की फोटो काढायचा, हवं तर दहा सेकंद बोलायचं आणि पाठवून द्यायचं. नकाशावर लाल ठिपका पडतो. तक्रार आधी माझ्याकडे येते, मी ती पुढे पाठवते आणि काम झालं की बंद करते. अॅपचं नाव 'नागरिक'. 'जागरूक नागरिक' हे दोन शब्द मी अकरा वर्षं फळ्यावर लिहिते आहे. पहिल्यांदाच त्यांना हातपाय फुटले.

श्रीविद्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला केबिनमध्ये बोलावून स्पष्टच सांगितलं. डिसेंबरात संस्थेची माणसं पाहणीला येतील. तोवर नोंदवलेली प्रत्येक तक्रार बंद झालेली दिसली, तर मला कायम करतील. चार वर्षं मी कंत्राटावर आहे. नाही म्हणायला मी काय वेडी आहे?

चाळीसपैकी सतरा नंबरचा चालूच होत नाही. कपाटात ठेवून दिला.

२७ जून

मुलं पेटली आहेत. अकरा दिवसांत एकतीस तक्रारी. भिंतींना भेगा, फुगून न लागणारी दारं, कललेला विजेचा खांब, एकाच्या न्हाणीघरात बेडूक. मी म्हटलं बेडूक हा नागरी प्रश्न नाही. तर मागच्या बाकावरून हरिणी म्हणाली, "मिस्, तो दर वर्षी त्याच जागी येतो. का येतो, ते विचारायचं नाही का?" वर्ग हसला. मीही हसले. पण तक्रार घेतली.

हरिणी आमच्यासारख्याच तंजावर मराठी घरातली, अख्ख्या शाळेत मराठी बोलणारी एकटी. शाळेच्या मागच्या पहिल्या गल्लीत, तळमजल्यावर राहते. कमी बोलते आणि बोलली की समोरच्याला गप्प करते. मला ती आवडते, आणि थोडी जडही जाते.

१८ जुलै

आज शुक्रवार. भवानी, आमची झाडूवाली, मैदानातल्या दोन दगडी खांबांना हळदकुंकू लावून तांब्याभर पाणी ओतत होती. हे खांब पुरुषभर उंचीचे, वर भोकं पाडलेले. मुलं त्यांना व्हॉलीबॉलचं जाळं बांधतात. मी विचारलं, हा कुठला देव? ती म्हणाली, देव नाही, तिच्या आज्याची कामाची जागा. पाणी सोडायचं काम त्यांच्या घराण्याकडे होतं.

म्हणजे पूर्वी इथे नळाची टाकी असणार आणि आजोबा व्हॉल्व्ह फिरवत असणार. मी मुलांना सांगितलं, बघा, पाणीपुरवठा किती जुना आहे आपल्याकडे. भवानी माझ्याकडे बघत राहिली, मग झाडायला लागली.

४ ऑगस्ट

काल आडी पेरुक्कु होतं. आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी इकडे वाढत्या पाण्याची पूजा करतात. अम्मांनी पितळी घागर पूजली आणि चार तऱ्हेचे भात केले. आज डब्यात त्यातलाच चिंचेचा होता. तो खाताना तक्रार आली.

सतरा नंबरच्या टॅब्लेटवरून.

उठून कपाट उघडलं. कुलूप जसंच्या तसं, टॅब्लेट जागेवर, बटण दाबलं तर काळाठिक्कर. तक्रारीचं ठिकाण आठवी-बचा वर्ग, म्हणजे मी बसले होते तीच जागा. वेळ सकाळी अकरा चाळीस. फोटोत नुसतं पाणी. मातकट, सपाट, लाट नसलेलं. त्यातून वर आलेली दोन दगडी टोकं, आणि एका कोपऱ्यात काहीतरी लाल, चौकोनी. वर निळंभोर आभाळ.

सोबत आवाज होता. मागे कोणीतरी लोखंडावर बडवत होतं, आणि एक बाई घाईघाईने म्हणत होती, "पाणी आलंय. मुलांनो, वर चला. कोणी खाली उतरू नका."

मराठीत.

हातातला घास हातातच राहिला. मग माझा मलाच राग आला. कुठल्यातरी तळ्याचा नेटवरचा फोटो, कुठल्यातरी चित्रपटातला आवाज. फरशी कोरडी होती, चप्पल काढून पाहिलं. 'खोटी तक्रार' हा पर्याय निवडला आणि बंद केली.

२२ ऑगस्ट

पुन्हा. तोच फोटो, तोच आवाज, तीच वेळ. बंद केली.

अॅपच्या कंपनीतल्या विजयेंद्रला फोन केला. तो अंबत्तूरच्याच आयटी पार्कमध्ये बसतो आणि एका वाक्यात तीनदा 'नो इश्यूज' म्हणतो. दुसऱ्या कोणीतरी सतरा नंबरचं लॉगिन वापरलं असेल, म्हणाला. मुलांना पासवर्ड सापडतातच. तीनदा खोटी ठरली की ते ठिकाण कुलूपबंद करायची सोय आहे, मग तिथून तक्रारच घेतली जात नाही. ती सोय मी सुरू करून घेतली.

११ सप्टेंबर

गुडघा धरला आहे. उभं राहून शिकवणं जमेना, म्हणून येताना एक लाल प्लास्टिकचं स्टूल घेतलं. मुलांनी त्याला सिंहासन असं नाव दिलं आहे.

त्याच सिंहासनावर बसले होते तेव्हा तिसरी आली. आता मी सरळ वर्गाला विचारायचं ठरवलं. फोटो मोठ्या पडद्यावर लावला. हा कोणी पाठवला? अडतीस चेहरे, सगळे कोरे. मग हरिणी उठली आणि पडद्याजवळ जाऊन म्हणाली, "मिस्, हे आपल्या ग्राउंडचे दगड आहेत. भोकं बघा ना."

मला एकदम लख्ख कळलं. मराठी येणारी ती एकटी. घर शाळेला लागून. आणि फोटोतली जागा तिने एका क्षणात ओळखली. रोज बघूनही मला ते दगड ओळखता आले नव्हते.

ही तिसरीही 'खोटी' म्हणून बंद केली आणि ठिकाणाला कुलूप घातलं.

१५ सप्टेंबर

हरिणी कबूल होत नाही. "सत्यमा, मिस्, मी नाही." आवाज ऐकवला तर म्हणते, "आमच्या घरात असें नाही बोलत, मिस्. हे तुमच्यासारखें आहे." उलट उत्तर! मॅडमना सांगितलं असतं तर त्यांनी दाखलाच हातात दिला असता. मी तिला वाचवलंच म्हणायचं. फक्त माफीपत्र घेतलं, वर्गासमोर वाचून घेतलं, आणि टॅब्लेट काढून घेतला. मजकूर मीच सांगितला: "मी आलेल्या तक्रारीत खोटेपणा केला. माझ्यामुळे वर्गाच्या नावाला डाग लागला. मी सगळ्यांची माफी मागते."

तिने वाचलं. आवाज हलला नाही. खाली बसताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्यात राग नव्हता. शिक्षकाला कधीतरी कठोर व्हावं लागतं. हे वाक्य मी आज चारदा मनात म्हटलं.

२८ सप्टेंबर

रविवार. अम्मांना आता नीट दिसत नाही, तरी दारातली ठिपक्यांची रांगोळी पहाटे त्याच घालतात. इकडे तिला कोलम म्हणतात. आधी ठिपके, मग त्यांच्या भोवतीने वळत जाणारी रेघ, आणि रेघ जिथून निघाली तिथे येऊन मिळालीच पाहिजे.

गंमत म्हणून त्यांना माझा नकाशा दाखवला. एकशे चार लाल ठिपके. त्यांनी पडदा नाकाजवळ धरला आणि सवयीने बोट फिरवायला लागल्या. मुलांच्या घरांवरून, भेगांवरून, कललेल्या खांबावरून, बेडकावरून. बोट कुठे थांबलं नाही. एक मोठा लांबट गोल झाला, एका बाजूला जरा फुगलेला. आतल्या सगळ्या गल्ल्या त्याच्या पोटात.

शेवटी बोट शाळेपाशी अडलं.

"हे पुरें नाही झालें," त्या म्हणाल्या. "येथे दार सोडलेंस. कोलम असा सोडतात का, मा? आत येतें ते."

"काय येतं, अम्मा?"

"जें बाहेर असेल तें."

मी हसून फोटो काढून ठेवला. पाहणीच्या दिवशी दाखवायला छान आहे, परंपरा आणि तंत्रज्ञान.

९ ऑक्टोबर

जेवणं झाल्यावर गिरीधरला ती ध्वनिफीत ऐकवली, हरिणीची करामत म्हणून. अम्मा ताक घुसळत होत्या. ऐकून थांबल्या.

"हा तर तुझाच गळा," मला म्हणाल्या.

"माझा कुठे असा आहे, अम्मा?"

"असाच आहे. आपला आपल्याला कळत नाही."

गिरीधरने पुन्हा लावायला सांगितलं. मी लावली नाही. म्हटलं, गुडघा दुखतोय, झोपते.

१९ नोव्हेंबर

पंधरा दिवस पाऊस आणि सुट्ट्या. शाळा उघडली तेव्हा मधल्या सुट्टीत हरिणी दगडांपाशी उकिडवी बसलेली. हातात वही. दगडावर तिने खडूने रेघा मारल्या आहेत आणि रोज ओल कुठवर चढली ते लिहिते. टॅब्लेट काढून घेतला तर हिने पेन्सिल काढली! भवानी शेजारी बसून तिला काहीतरी सांगत होती. मला बघून दोघी गप्प झाल्या.

हरिणी म्हणाली, "मिस्, इथे तळें होतें. आपण तळ्याच्या दारांत आहोत. भवानी-अक्काचा आजा हे दार उघडायचा, शेतांना पाणी सोडायला."

म्हणजे टाकी नव्हतीच. मी जुलैत मुलांना काय सांगितलं ते आठवून कान गरम झाले. पण मुलीपुढे म्हटलं, "होतं ना? आता नाही ना? मग जा वर्गात."

"मिस्, पाण्याला कुठे माहीत आहे आता नाही म्हणून?"

तिच्या वहीची पानं चाळायची मला इच्छा होती. चाळली असती तर सप्टेंबरात मी चुकले हे मान्य करावं लागलं असतं. म्हणून नाही चाळली. हे इथे लिहिलं, दुसरीकडे कुठे म्हणणार नाही.

३ डिसेंबर

उद्या पाहणी. पाऊस थांबून दोन दिवस झाले, लख्ख ऊन आहे. एकशे एकोणतीस तक्रारी, एकशे एकोणतीस बंद. बऱ्याच 'पुढे पाठवली' म्हणून बंद आहेत, झाली म्हणून नव्हे. पण पडद्यावर सगळं हिरवं दिसतं. अम्मांनी माझी निळी कांजीवरम काढून ठेवली आहे.

वर्ग सुटताना मुलं दार लावून काहीतरी कुजबुजत होती. उघडलं तर सगळ्यांचे हात वर. मला बघून खाली. स्वागताचं ठरवत असतील.

६ डिसेंबर

 क्रमाने लिहिते.

परवा सकाळी विजयेंद्र आला तो दुरुस्तीला नेलेला सतरा नंबर घेऊनच. "नो इश्यूज, मॅम, फक्त बॅटरी." मी तो पिशवीत टाकला. बाकीचे एकोणचाळीस तळमजल्याच्या हॉलमध्ये टेबलावर मांडले होते. साडेदहाला संस्थेची माणसं आली. मी नकाशा दाखवला, अम्मांचा गोल दाखवला, टाळ्या झाल्या. हरिणीला कार्यक्रमात ठेवलं नव्हतं. ती बाहेर पायरीवर वही घेऊन बसली होती.

अकरा वाजून काही मिनिटांनी घंटा सुरू झाली. आमची घंटा म्हणजे रुळाचा टांगलेला तुकडा. ठोके नव्हते ते, कोणीतरी बडवत होतं. मी धावत बाहेर गेले तर हरिणी दोन्ही हातांनी लोखंडी कांब मारत होती. मी तिचं मनगट धरलं. पाहुण्यांसमोर, माझ्या चार वर्षांवर ती बडवत होती असं मला वाटलं. खरंच तसंच वाटलं. "बस कर! पुन्हा तेच?"

ती म्हणाली, "मिस्, दगडाच्या मुळांतून येतेंय."

आणि माझा वर्ग हॉलमधून निघाला. रांगेने, एक शब्द न बोलता, जिना चढायला लागला. त्यांचं बघून दुसरे वर्ग. मी जिन्याच्या पायथ्याशी उभी राहून ओरडले, "खाली या! मी सांगते, खाली या!" वर्गप्रमुख जननी कठड्यावरून वाकून म्हणाली, "सॉरी, मिस्. काल हात वर करून ठरवलंय. हरिणीने घंटा वाजवली की वर जायचं. सदतीस विरुद्ध शून्य."

मी अजून ओरडतच होते, तेव्हा पायाच्या बोटांना गार लागलं.

पाण्याचा आवाज नव्हता. वर निळं आभाळ, वारा नाही, आणि दोन दगडांच्या मधून पाणी नुसतं पसरत येत होतं, आपल्याच घरात आल्यासारखं. नंतर कळलं, वरच्या बाजूच्या तळ्याचा बांध पहाटे फुटला होता. मी हरिणीला ओढत, नाही, तीच मला ओढत वर घेऊन गेली. वीस मिनिटांत खालचे वर्ग खिडक्यांपर्यंत भरले. श्रीविद्या मॅडमनी मुलं मोजली. चारशे बारा. सगळी.

फोन कोणाचाच लागेना. पिशवीतला सतरा नंबर तेवढा चालू होता. आमच्या वर्गाच्या बरोबर वरच्या खिडकीत मी उभी राहिले. खाली दारातून माझं लाल स्टूल तरंगत बाहेर आलं आणि हळूहळू फिरायला लागलं. पलीकडे दगडांची टोकं. कोणीतरी अजून घंटा बडवतच होतं, वरून काठीने, गल्लीतल्या लोकांना कळावं म्हणून. काही मुलं डबे आणायला जिन्याकडे निघाली. मी फोटो काढला, बटण दाबलं आणि त्यांच्याकडे मान वळवून बोलले. काय बोलले ते माझं मला तेव्हा ऐकूच आलं नाही. घाबरले की माझ्या तोंडून मराठीच येते.

पाठवलं. पडद्यावर आलं: या ठिकाणच्या तक्रारी घेतल्या जात नाहीत. कारण: खोटी तक्रार. बंद करणारी शिक्षिका: संयुक्ता, आठवी-ब.

घड्याळात अकरा चाळीस झाले होते.

भवानी छातीभर पाण्यातून मोठ्या रस्त्यापर्यंत गेली आणि रिक्षावाल्यांना घेऊन आली, ट्यूब आणि दोरखंडांसकट. चारपर्यंत शेवटचं मूल बाहेर पडलं. हरिणीच्या घरात छतापर्यंत पाणी होतं. घरी कोणी नव्हतं, हे नशीब. तिला न्यायला तिचे वडील आले.  

९ डिसेंबर

ऑगस्टमधला फोटो आणि पुराच्या दिवशीचा फोटो शेजारी ठेवले. स्टुलाचा एक पाय किंचित वाकडा आहे. दोन्हीत.

दोन्ही आवाज एकामागून एक लावले. अम्मा म्हणाल्या, "एकच तर आहे. दोनदा काय लावतेस?"

मला हे समजत नाही. समजून घ्यायची हिंमतही नाही. मला एवढंच समजतं की कोणीतरी चार महिने आधी, तीनदा, माझ्या दारात येऊन ओरडलं आणि मी दार लावून घेतलं. आणि ते पाप एका तेरा वर्षांच्या मुलीच्या नावावर लिहिलं.

१७ डिसेंबर

विजयेंद्र आनंदात आहे. अॅपने चार महिने आधी पूर ओळखला, हे त्याला जाहीर करायचं आहे. श्रीविद्या मॅडमच्या टेबलावर माझं कायमचं नेमणूकपत्र होतं, सहीसकट. फक्त 'खोटी' म्हणून बंद केल्याच्या तीन नोंदी काढून टाकायच्या. "आणि त्या मुलीचं माफीपत्रही फाडून टाका," मॅडम म्हणाल्या. "कशाला उगाच?"

मॅडम दुष्ट नाहीत. त्यांनी मुलं मोजताना त्यांचा आवाज मी ऐकला आहे. त्यांना शाळा चालवायची आहे. खालचे वर्ग धुऊन, रंग देऊन जूनमध्ये पुन्हा उघडायचे, असं संस्थेने ठरवलं.

 इथे खोटं कशाला लिहू, पत्र घ्यायला हात पुढे झाला होता. मग म्हटलं, नोंदी राहू देत.

शाळा सध्या दुपारच्या पाळीत दुसऱ्या इमारतीत भरते. हरिणी तिरुवल्लिकेणीहून येते, मामाच्या घरातून, दोन बस बदलून. वर्गासमोर उभी राहिले, तिचंच माफीपत्र उघडलं आणि माझ्या नावाने वाचलं. "मी आलेल्या तक्रारीत खोटेपणा केला. माझ्यामुळे वर्गाच्या नावाला डाग लागला. मी सगळ्यांची माफी मागते." तिचा आवाज हलला नव्हता. माझा दुसऱ्याच ओळीला गेला.

कायम केलं नाही, कंत्राट एप्रिलपर्यंतच. गिरीधर म्हणाला, बघू. अम्मा म्हणाल्या, बरें केलेंस.

२० जानेवारी

मुलं आता कागदावर काम करतात. नकाशावरचा अम्मांचा गोल, म्हणजे जुन्या तळ्याचा काठ, भवानीच्या आठवणी, हरिणीच्या वहीतल्या रेघा, आणि एकच मागणी: जुन्या इमारतीत तळमजल्यावर वर्ग भरवू नका. गल्लीतल्या दोनशे सहा लोकांनी सह्या केल्या. संस्थेचं उत्तर आलं, विचार करू. मुलं म्हणतात पुन्हा लिहू.

सतरा नंबर माझ्या घरी आहे, कपाटात, बंद. तरी आज शाळेत माझ्या फोनवर त्याच्यावरूनच तक्रार आली. ठिकाण तेच, जुन्या इमारतीतला आठवी-बचा वर्ग. मी कुलूप काढून टाकलं होतं, म्हणून आली. फोटो नव्हता, नुसता आवाज.

शाळा सुटल्यावर हरिणीला थांबवलं आणि दोघींनी ऐकला. पाण्याचा आवाज नाही. मागे लहान मुलांची कुजबुज, आणि एक मोठी बाई, चाळिशीची असेल, शांतपणे बोलते आहे. "पाणी आलें. मुलें वर घेतलीं. मोजलीं, एक्केचाळीस. या वेळी तरी कोणी ऐका."

अम्मांसारखी मराठी. पण अम्मांचा आवाज नाही. श्वास जिथे तुटतो ती जागा मी ओळखते. जूनपासून मागच्या बाकावरून ऐकते आहे.

"हा तर तुझाच गळा," मी म्हटलं.

हरिणी हसली. "माझा कुठे असा आहे, मिस्?"

 तिने पुन्हा लावायला सांगितलं, मी लावला. दुसऱ्यांदा ऐकताना ती हसली नाही. तिने वही काढली, तारीख घातली आणि शब्दन् शब्द लिहून घेतला. मग विचारलं, "मिस्, ही तुम्ही बंद करणार?"

नाही म्हटलं. तक्रार उघडी आहे.